न शिंकणारं घराणं

त्या सकाळी दुकानापुढची रांग चावीवाल्याच्या टपरीला वळसा घालून, शाळेच्या कुंपणाला टेकत टेकत थेट पुलापर्यंत गेली होती, आणि ज्याच्या तोंडाकडे बघून ती लागली होती तो माणूस दुकानाच्याच माडीवर उशीत तोंड खुपसून शिंकत होता.

आवाज न करता शिंकणं ही दादांची आयुष्यभराची कमाई. घराण्याच्या मूळपुरुषांनी काढ्याचं दुकान उघडलं तेव्हा पाटीवर स्वतःच्या हातानं रंगवून ठेवलं होतं, 'आमच्या घरात कोणी शिंकत नाही.' पाटी एकदा वर चढली म्हटल्यावर घराला तिच्याखाली राहणं भाग होतं. तेव्हापासून या घरातल्या माणसाला शिंक आली की तो गोदामात पळायचा, सुकवलेल्या पाल्याच्या पोत्यात डोकं घालायचा, मोकळा व्हायचा आणि डोळे पुसत गल्ल्यावर येऊन म्हणायचा, "माल फार ताजा आलाय, डोळ्यांत पाणी आणतो." मूळपुरुष तर म्हणे लेकीच्या लग्नात शिंक दाबता दाबता इतके फुगले, की त्यांच्या कोटाची बटणं सुटून व्याह्यांच्या गालावर जाऊन आदळली. व्याह्यांना वाटलं, ही यांच्याकडची मानपानाची पद्धत असेल. त्यांनी बटणं खिशात ठेवली आणि आभार मानले.

लोकांची साथ ती या घराची सुगी. फ्लू शहरात उतरला तसा काढा असा खपायला लागला, की बाटल्या धुणारे हात सुकायला उसंत मिळेना. मात्र दुकान उघडण्याआधीचा रिवाज कोणी मोडला नाही. रोज सकाळी घरातली सगळी माणसं दुकानाच्या पायरीवर उभी राहायची आणि दोन कानांचा एकच पितळी पेला तोंडोतोंडी फिरायचा, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. गिऱ्हाइकानं डोळ्यांनी बघावं, की जे आम्ही पितो तेच तुम्हाला देतो. पेला रिकामा झाला की मग गिऱ्हाइकी सुरू.

आज शटर अर्धंसुद्धा वर गेलं नव्हतं, कारण पेल्याचा पहिला घोट ज्याचा, तो उठून बसू शकत नव्हता.

"दादा, दोनच मिनिटं," धाकटा म्हणाला. धाकटा म्हणजे दादांचा भाऊ. साठी जवळ आली तरी घरात आणि बाजारात त्याला हेच नाव होतं. "नुसतं खाली यायचं, पेला ओठाला लावायचा, वर यायचं. मी मागून धरतो."

"मागून धराल भाऊजी, आणि पुढं पडले तर?" वहिनी म्हणाल्या. त्या नवऱ्याच्या कपाळावरची घडी बदलत होत्या आणि त्यांचं स्वतःचं नाक बीटासारखं लाल झालं होतं.

"पुढं रांग आहे. पडायला जागा कुठं आहे तिथं?"

"पडलो... तरी..." दादा उशीतून म्हणाले, "पाटीच्या... आतल्या बाजूला... पाड."

धाकट्याला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थिजलं. दादा म्हणजे मूळपुरुषांची अख्खी कथा, बटणं आणि व्याह्यांसकट, एका दमात सांगणारा माणूस. त्यांना एवढंसं वाक्य बोलायला तीनदा थांबावं लागलं होतं. ओठांचा रंग पण बरा नव्हता. धाकट्यानं ते बघितलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. दादांच्या शब्दाखाली तो इतकी वर्षं राहिला होता, की दादा नसतील तर आपला आवाज कुठून निघेल हेच त्याला माहीत नव्हतं. बाजारात बाकी त्याच्या आवाजानं दोन गल्ल्यांपलीकडची कबुतरं उडत.

"मी तुमचा कोट घालतो," तो म्हणाला. "कान झाकून मफलर घेतो. लांबून कोण ओळखणार?"

"पोट ओळखतील," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, आता बास करा. यांना दम लागलाय."

"दम नाही, कफ आहे तो. ताईनं आज घट्ट काढा लावलाय. संध्याकाळपर्यंत..."

"तीन दिवस संध्याकाळच चाललीय तुमची."

"मग काय करायचं म्हणता? डॉक्टर आणायचा? काढेवाल्याच्या जिन्यात डॉक्टर दिसला म्हणजे काय, ठाऊक आहे? आचारी शेजारच्या खानावळीत जेवताना सापडावा तसं. बाहेर बघा जरा! अर्ध्या शहराचा जीव आपल्या शटरला टांगलाय. आज ही माणसं बिचकली ना, तर पुन्हा या पायरीवर कुत्रं चढणार नाही."

वहिनींनी पाण्याच्या वाडग्यात घडी पिळली. पिळताना त्या जराशा जास्तच जोरात पिळत होत्या.

"मी बोलावलंय," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"तिला."

या घरात 'तिला' म्हटलं की ती एकच होती. धाकटा मटकन स्टुलावर बसला. पलंगावर दादांनी डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे. वहिनींचा त्यांच्याशी इतक्या वर्षांचा संसार होता. खरी झोप कोणती आणि खोटी कोणती हे त्यांना चादरीवरून कळायचं.

मागच्या बोळातलं दार वाजलं तेव्हा आत्या काढा ढवळत होत्या. आत्या म्हणजे दादांच्या पाठची बहीण, धाकट्याची ताई. काढ्याची खोली ही त्यांची. तिथल्या पातेल्यांपैकी एक तर एवढं थोरलं, की एकदा ते घासायला आत उतरलेला माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत सापडला नव्हता. आत्यांनी दार उघडलं, समोर कोण आहे ते बघितलं, आणि काही न बोलता पुन्हा पातेल्याकडे गेल्या.

दादांची ही लेक. घर तिला डॉक्टरीण म्हणायचं, आणि म्हणताना तोंड असं करायचं जसं काही पहिला घोट आत्ताच घेतलाय. काही वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या सभेत तिनं सांगितलं होतं, की माझ्या घरचा काढा म्हणजे चांगल्या वळणाचं गरम पाणी. सभेत हशा पिकला. ती व्यासपीठावरून खाली उतरायच्या आत ते वाक्य इथं पोचलं होतं. त्या दिवसापासून आत्या तिच्याशी बोलत नव्हत्या.

"आत्या, कशी आहेस?"

आत्यांनी पातेल्याला सांगितलं, "विचारणारीला म्हणावं, आम्ही सगळे ठणठणीत आहोत."

आणि त्या शिंकल्या. गोदाम लांब होतं, पोतं हाताशी नव्हतं. शिंक अशी आली की ओळीनं मांडलेल्या पातेल्यांची झाकणं एकामागून एक उडाली, आणि फळीवरच्या रिकाम्या बाटल्या बराच वेळ एकमेकींना काहीतरी सांगत राहिल्या.

"तुलाही?" डॉक्टरीण म्हणाली.

"मला काही झालं नाही. माल ताजा आहे."

"आत्या."

आत्यांनी पळी खाली ठेवली. "वहिनीला पण झालंय. धाकट्याला पण. रात्रभर घरात कोणी ना कोणी गोदामाकडं पळत असतं. पोती ओली झालीत गं."

"सगळ्यांत आधी कोणाला?"

"दादाला. मागच्या आठवड्यात."

"आणि तरी पेला फिरवलात?"

"पेला रोज फिरतो!"

"बाबांना ताप असताना? त्यांनी ओठ लावलेला?"

"ताप आहे म्हणून सांगितलं का त्यानं कोणाला? या घरात कोण सांगतं? मला घसा धरल्यासारखं झालं ते मी वहिनीला सांगितलं नाही, वहिनीनं धाकट्याला सांगितलं नाही..." बोलता बोलता आत्या थांबल्या. त्यांची नजर पायरीकडे, शटरच्या आतल्या बाजूकडे गेली आणि तिथंच राहिली.

डॉक्टरिणीनंही तिकडं बघितलं. एखाद्या घरात आजार वाट चुकून शिरतो. या घरानं मात्र फ्लूला पायरीवर उभं राहून, भर रांगेदेखत, मानानं फिरवलं होतं. आधी थोरल्यांकडे, मग मधल्यांकडे, मग धाकट्यांकडे. कोणाचा मान चुकला नाही.

"म्हणजे काढ्यात काहीच नाही म्हणायचं," आत्या हळूच म्हणाल्या. "तू म्हणाली होतीस तेच."

"तसं मी कधी म्हणाले? आलं आहे, मध आहे, ज्येष्ठमध आहे. घशाला बरं वाटतं, पोटात ऊन पाणी जातं, माणूस दोन घटका निवांत झोपतो. आजारी माणसाला हे थोडं असतं का? मी पण पिते."

आत्यांनी मान वर केली. "तू पितेस?"

"ड्यूटीवरून आले की. आमच्या वॉर्डातली सिस्टर रांगेत उभी राहून घेऊन येते. मला कसं उभं राहता येणार?"

"मग सांगायचं नाही का मेले! मी वेगळी बाटली भरून ठेवली असती." आत्यांनी पदरानं नाक पुसलं, एवढ्या वर्षांचा राग त्या पदरात मावला. मग धंद्याच्या माणसानं विचारावं तसं विचारलं, "कसा लागतो? खरं सांग."

"अलीकडं जरा पातळ."

"बघ! मी ओरडून सांगत होते. तो धाकटा! रांग लांब झाली की कळशीनं पाणी ओततो, आणि वर मला म्हणतो, ताई, गुण पाण्यातच असतो." आत्यांनी शेगडी बंद केली. साथ सुरू झाल्यापासून ती शेगडी पहिल्यांदाच बंद होत होती. "चल वर. तुझा बाप फार वाईट श्वास घेतोय."

जिन्यावरची पावलं दादांनी ओळखली. ही पोर लहानपणीसुद्धा एक पायरी सोडून चढायची. पेल्यात ती शेवटची, त्यामुळे तिच्या वाट्याला नेहमी तळचा गाळ यायचा. एकदा तिनं पायरीवरच, लोकांदेखत विचारलं होतं, "बाबा, मला कडू लागलं तर मी तोंड वाकडं करू का?" तेव्हा रांग हसली होती, आणि दादांनी तिला आत नेऊन समजावलं होतं, की तोंड वाकडं करायचं असेल तर गोदामात. आता ती उशाशी वाकून त्यांच्या बोटाला कसला तरी चिमटा लावत होती आणि तिचं तोंड अजिबात वाकडं झालेलं नव्हतं. त्याचीच दादांना भीती वाटली.

"कोणी... बोलावलं?"

"आईनं. बाबा, एक पूर्ण वाक्य बोला बघू. कुठलंही."

दादांनी विचार केला. "हे... माझं... घर... आहे."

"बरोबर आहे. आता दुसरीकडं जायचंय." तिनं चिमट्यावरचा आकडा बघितला आणि चिमटा खिशात टाकला. आकडा तिनं कोणाला सांगितला नाही. "हॉस्पिटल. आत्ता."

"नाही."

"फुप्फुसात उतरलंय, बाबा. ऑक्सिजन लागेल. हे काढ्याचं काम नाही. काढ्याला हे काम सांगणं हा काढ्यावरही अन्याय आहे."

"हे बरं बोललीस," आत्या दारातून म्हणाल्या. धाकट्यानं वळून बघितलं. त्याचा असा हिशेब होता की ताई आपल्या बाजूला आहे.

"ताई, तू तरी!"

"तू गप. कळशीवाला."

धाकट्याचा चेहरा पडला, पण तो मागे हटणारा नव्हता. "दादा इथंच राहून बरे होतील. तू औषध दे ना इथं. ते सिलिंडर का काय ते आण. मागच्या दारानं आण, कोणी बघणार नाही. हवं तर काढ्याच्या पिंपातून आणू."

"काका, आज रात्री यांना काय लागेल ते मला इथं देता येणार नाही. नाही नेलं तर..." ती थांबली. हॉस्पिटलात अनोळखी माणसांना रोज सांगितलेलं ते वाक्य तिला या खोलीत पुरं करता येईना.

खोलीत फक्त दादांचा श्वास ऐकू येत होता, भोक पडलेल्या भात्यासारखा.

"खाली... रांगेला... काय सांगू?" दादांनी विचारलं.

"खरं सांगा."

"खरं... पाटीवर... मावत नाही... पोरी."

डॉक्टरीण पलंगाच्या कडेला बसली. "तुम्हाला वाटत असेल, मी माझं म्हणणं खरं करायला आलेय. मला नाही बाबा बरोबर ठरायचं. तुम्ही म्हणाल ते मी सभेत उभी राहून म्हणेन. काढ्यानं मेलेला माणूस उठतो म्हणून सांगेन. तुम्ही फक्त चला."

दादांना हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. खोकला थांबेना. वहिनींनी त्यांची पाठ धरली, आणि तो ओसरल्यावर त्या बोलल्या. वहिनी सहसा बोलत नसत. बोलल्या की मात्र भिंतीवरचं घड्याळसुद्धा जरा बेतानं टिकटिकत असे.

"अहो, लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी पोत्यात तोंड घालून शिंकतेय. तक्रार केली नाही. पण त्या पोत्याशेजारी एकटीनं बसून रडायची माझी तयारी नाही. तुम्ही उठताय की मी खाली जाऊन त्या रांगेला चार माणसं मागू?"

धाकटा उठला, दादांचे बूट शोधले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थोरल्या भावाचे पाय हातात घेऊन मोजे चढवू लागला. मोजा उलटा होता. कोणी सांगितलं नाही.

"मागच्या... दारानं," दादा म्हणाले. "तेवढं... तरी."

"मागच्या दारानं," डॉक्टरीण म्हणाली.

"रांगेला मी सांगतो, दादा मुळ्या खणायला डोंगरात गेलेत," धाकटा म्हणाला.

"झोपून?" आत्या म्हणाल्या.

"रांगेला कुठं दिसणार आहे झोपून का उभे ते!"

डॉक्टरिणीनं फोन लावला. मागचा बोळ, चावीवाल्याच्या टपरीमागून डावीकडे, दाराला हिरवा रंग, भोंगा वाजवू नका. सगळं दोनदा सांगितलं आणि पलीकडून दोनदा "हो मॅडम" ऐकून घेतलं.

अँब्युलन्स भोंगा वाजवत, रांगेला दोन भागांत चिरत, थेट दुकानासमोर येऊन उभी राहिली.

धाकटा शटरच्या फटीतून वाकून बाहेर बघत होता. "अरे मागं! मागचं दार सांगितलं होतं!"

ड्रायव्हर खाली उतरला. "मागं दार आहे? मला काय माहीत! मी रोज बाटली घ्यायला पुढूनच येतो." मग आवाज बारीक करून, "आज उघडलं नाही वाटतं? माझी तेवढी एक काढून ठेवा."

आता बोळात गाडी न्यायची तर रांग पुलापर्यंत हटवावी लागली असती, आणि काढ्याच्या खोलीतून स्ट्रेचर न्यायचं तर मूळपुरुषांच्या काळापासून जागचं न हललेलं ते थोरलं पातेलं वाटेत होतं. जिन्यावरून दोन माणसं दादांना खुर्चीच्या स्ट्रेचरवर बसवून खाली घेऊन आली तेव्हा सगळं घर दुकानात उभं होतं आणि समोर बंद शटर होतं. दादांच्या तोंडावर मास्क होता, कडेला सिलिंडर लटकत होता. त्यांनी शटरकडे बघितलं, मग धाकट्याकडे.

धाकट्यानं आयुष्यात हजारो वेळा ते शटर एका झटक्यात वर फेकलं होतं. आज त्याला दोन्ही हात लावावे लागले.

उजेड आत आला आणि रांग गप्प झाली. पुढच्यानं मागच्याला खूण केली, मागच्यानं त्याच्या मागच्याला. गप्प बसणं माणसामाणसातून सरकत शाळेच्या कुंपणापर्यंत गेलं. मास्क लावलेले दादा, त्यांच्यामागे लाल नाकाच्या वहिनी, पाण्यानं भरलेल्या डोळ्यांच्या आत्या, उलट्या मोज्याच्या पायाचा बूट काखेत धरलेला धाकटा. घराणं पायरीवर उभं होतं. पेला तेवढा नव्हता.

"दादा मुळ्या..." धाकट्यानं सुरुवात केली आणि त्याचा आवाज त्याला सोडून गेला.

माणसं खुर्ची पायरीवरून उतरवत होती. तेवढ्यात रांगेतला एक माणूस पुढं आला. छापखान्यातला असावा, बोटं शाईनं काळी होती. समोर काय चाललंय हे त्याच्या डोळ्यांत शिरलंच नव्हतं. तो आपलाच प्रश्न घेऊन आला होता.

"दादा, एक विचारायचं होतं. घरी बायकोला धाप लागलीय. कालपासून. झोपली की जास्त होते, म्हणून बसवून ठेवलीय. दोन बाटल्या पुरतील का तीन घेऊ?"

धाकट्याचं तोंड उघडलं. सवयच ती, गिऱ्हाइकानं दोन का तीन विचारलं की तीन. डॉक्टरिणीनं ते बघितलं आणि तिनं पाऊल पुढं टाकलं. पण दादांनी हात वर केला होता. त्या हातानं त्यांनी स्वतःच मास्क खाली ओढला. डॉक्टरिणीनं तो पुन्हा लावायला हात नेला, आणि बापाच्या डोळ्यांकडे बघून थांबली. मास्क तिनं त्यांच्या हनुवटीपाशी धरून ठेवला.

"एकही... नको," दादा म्हणाले.

"संपला?"

"काढ्यानं... धाप... जात नाही. माझी... नाही गेली." ते थांबले. रस्त्यावरच्या सगळ्या माणसांनी त्यांच्याबरोबर श्वास धरला. "मी... तीन दिवस... घरात... बसलो. चूक... केली. तू... नको करू. तिला... उचल. माझ्या... पोरीकडं... घेऊन ये."

डॉक्टरिणीनं मास्क वर चढवला. तिनं पट्टा दोनदा ओढून बघितला, जरूर नसताना.

धाकट्यानं कपाळ पुसलं. संपलं, त्याला वाटलं. मूळपुरुषांपासून उभं केलेलं सगळं या पायरीवर, चार श्वासांत. आता ही माणसं आपापल्या घरी जातील. बरं झालं, असंही त्याला कुठंतरी आत वाटलं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

मग रांगेतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "ऐकलंत? स्वतःच्या वाटणीचा काढा लोकांना दिला, म्हणून पडला बिचारा."

"हो ना," चावीवाला म्हणाला. "एवढी मागणी! घरच्यांना कुठून उरणार?"

"असं खरं बोलणारं दुकान दुसरं दाखवा."

"तसं नाही!" डॉक्टरीण ओरडली. "बाबा काय म्हणाले ते ऐका. घसा दुखतोय, सर्दी आहे, तर प्या, आराम करा. पण धाप लागली, ओठ निळे पडले, ताप उतरेना, तर इथं थांबू नका. दवाखान्यात या!"

लोकांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. डॉक्टर सुशिक्षित होती, वडिलांच्या काळजीनं बोलत होती, तिचा मान ठेवायला हवा होता.

"अगदी बरोबर," म्हातारी म्हणाली. "पण मग धाप लागायच्या आधी किती घ्यायचा?"

डॉक्टरिणीच्या शेजारी घसा खाकरल्याचा आवाज झाला. धाकटा पायरीवर चढून उभा राहिला होता, बूट अजून काखेतच. त्याचा आवाज परत आला होता, आणि तो आला तेव्हा पुलावरची कबुतरंसुद्धा उठली.

"दादा काय म्हणाले ते मागच्यांना ऐकू गेलं नसेल! धाप लागलेलं माणूस ज्याच्या घरी असेल, त्याला आज बाटली मिळणार नाही! कोणी मागितली तरी देणार नाही! आणि काढा आज पाणी न घालता मिळेल!"

शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या.

"मेला," आत्या पुटपुटल्या, पण त्यांनी त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली.

वहिनी दादांच्या शेजारी गाडीत चढल्या. डॉक्टरिणीनं दादांच्या बोटाला पुन्हा चिमटा लावला. आकडा किंचित चढला होता. तेवढ्यावर खूश होण्याची सोय नव्हती, तरी ती झाली. दार लावण्याआधी तिनं बाहेर बघितलं. छापखान्यातला माणूस होता तिथंच उभा होता. त्याच्या हातात घरून आणलेली रिकामी पिशवी होती. तो पिशवीकडे बघत होता, मग दुकानाकडे, मग आत बसलेल्या दादांकडे.

"कुठं राहता?" तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "वाटेतच आहे की."

"मग पुढं बसा, लवकर! त्यांनाही घेऊ."

तो धावत आला आणि ड्रायव्हरशेजारी चढला. मागच्या काचेतून डॉक्टरिणीला आणि तिच्यामागे मान वळवून बघणाऱ्या दादांना रांग दिसली. ती आता पुलाच्याही पलीकडे गेली होती. तिच्यात, अगदी पुढच्या बाजूला, एका माणसाएवढी जागा रिकामी झाली होती. दादा त्या जागेकडे बघत राहिले. गाडी वळली तसं मागच्या माणसानं एक पाऊल पुढं टाकलं, त्याच्या मागच्यानं आणखी एक, आणि रांग पुन्हा सलग झाली.